व्याहीबुवांचं गोंदण

नाहूर, मुंबई ८०
४ ऑक्टोबर १९८६

चि. विद्याधरराव,

सासूचा आशीर्वाद घ्या. त्यातला अर्धा कुंदाला द्या, सगळा स्वतःकडे ठेवू नका. मागच्या वेळी ठेवला होता म्हणे, तिने तक्रार लिहिलीय.

तुमच्या मित्राने टँगचा डबा आणि साबण आणून दिला. साबण मी अंगाला लावला नाही, लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवला. आता मी नळावर उभी राहिले तरी बायका म्हणतात, रुक्मिणीकाकू मस्कतला जाऊन आल्या काय. मी म्हणते, होय, कालच उतरले, विमानात पाय फार अवघडले.

इकडे आज घट बसले. वरच्या जानकीबाईंनी टीव्ही घेतलाय, रविवारी सगळी चाळ त्यांच्या खोलीत. मी पण जाते, भिंतीला टेकून झोपते, आणि संपला की उठून म्हणते, छान होता हो पिक्चर. माझे गुडघे होते तसेच आहेत. तुमचे वडील भेटले होते, बरे आहेत. कुंदाला सांगा, कुळथाचं पीठ दळून ठेवलंय, कुणी येणारं असलं की पाठवते. तिथल्या डब्यातल्या डाळींवर दोघं किती दिवस जगणार?

वर मी लिहिलं ना, तुमचे वडील बरे आहेत म्हणून. ते खोडणार होते. पण खोडलेलं तुम्ही उजेडात धरून वाचाल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून राहू दिलं. ते बरे नाहीत.

इथे मी पेन ठेवून भात टाकला, जेवले, आता परत बसलेय. मला सरळ लिहायला जमत नाही. गावच्या शाळेत मास्तरांनी सातवीपर्यंत जी पत्रं शिकवली ती मनीऑर्डर पोचली आणि गाय व्याली एवढ्यापुरती. असल्या पत्राचा धडा नव्हता. तर आधी ते कसे आले ते सांगते, बाकीचं त्याच्या मागून येईल.

गणपती गेले त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी दार वाजलं. बघते तर तुमचे अण्णा. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री, काखेत एक्सरेचं मोठं पाकीट. मला आधी वाटलं, तुमचंच काहीतरी झालं. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "व्याहीबुवा, चार वर्षं उशीर झाला. लग्न लागलं, जेवणं झाली, मांडववाल्यानं मांडव पण नेला."

हसले नाहीत. आत येऊन त्याच खाटेच्या त्याच कडेवर बसले. तुम्हाला आठवत असेल, लग्नाचं बोलायला आले तेव्हा तिथेच बसले होते, आणि मी पाण्याचा पेला पुढे केला तर म्हणाले होते, आम्ही बाहेर पाणी घेत नाही. गिरणीवाल्याच्या खोलीत घेत नाही असं स्पष्ट म्हटलं असतं तर आमच्या ह्यांना एवढं लागलं नसतं. मग तुमचं नि त्यांचं काय ते वाजलं, ते लग्नाला आले नाहीत, तुम्ही मस्कत गाठलं, तेव्हापासून तुमची पत्रंही त्यांनी फोडली नाहीत. ते मी पुन्हा उगाळत नाही. पण ह्या वेळी पण मी मुद्दाम पेला भरून समोर ठेवला. माझा वांडपणा, दुसरं काय. त्यांनी पेल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "विहीणबाई, माझ्याबरोबर हॉस्पिटलात याल का?"

विहीणबाई. चार वर्षांत पहिल्यांदा.

मी विचारलं, "मीच का? तुमची बहीण आहे पुण्याला. सोसायटीत एवढी शिकलेली माणसं आहेत."

म्हणाले, "आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले घरचं माणूस घेऊन जा. बहिणीला सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात जाईल. तुमचं-आमचं सामाईक ओळखीचं कुणी नाही, म्हणून."

बघा. अपमान म्हणावा की विश्वास, मला अजून कळलेलं नाही. मी पातळ बदललं आणि निघाले.

हॉस्पिटलात डॉक्टर निघाली एक तरुण पोरगी, आपल्या कुंदाएवढी. अण्णा तिथेच अर्धे झाले. ती पोरगी मला म्हणते, "तुम्ही मिसेस का?" मी म्हटलं, "नाही हो बाई, मी ह्यांची विहीण. मिसेस असते तर एवढ्या उशिरा आणलं नसतं." अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

आता जावयाला हे कसं लिहायचं? लिहिते. पुरुषांना लघवीच्या पिशवीखाली सुपारीएवढी एक गाठ असते म्हणे, देवानेच दिलेली. तिला प्रोस्टेट म्हणतात. ती अण्णांची वाढलीय. रात्री सारखं उठायचे, मग रक्त गेलं, तरी सहा महिने कुणाला बोलले नाहीत. तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे.

लिहिला तो शब्द. वाटलं होतं हात थरथरेल. नाही थरथरला.

हाडात गेलेला नाही, एवढं चांगलं. डॉक्टरणीने दोन वाटा सांगितल्या. एक छोटं ऑपरेशन, ज्यात पुरुषाच्या दोन्ही गोळ्या काढून टाकतात. दोन-तीन दिवसांत घरी. त्याने रोग झोपतो, पण मरत नाही, पुढेमागे उठतो. दुसरी वाट लाइटची. तिथे सगळे लाइटच म्हणतात, म्हणजे मशीनचा शेक. सात आठवडे रोज जायचं, अशक्तपणा येतो, जुलाब लागतात, बरोबर माणूस लागतं, पण रोग मुळातून जायची आशा आहे. ती म्हणाली, "निवड तुमची. मला विचाराल तर लाइट घ्या. दिवाळीच्या आधी सांगा."

बाहेर बाकावर आलो. अण्णा म्हणाले, "ऑपरेशन."

"का?"

"दोन दिवसांत घरी. हर्नियाचं सांगता येईल."

विद्याधरराव, बाकी सगळं समजून घेईन, पण हे काय? माणूस मरणाला घाबरत नाही, सोसायटीच्या जिन्याला घाबरतो. मी म्हटलं, "व्याहीबुवा, आमच्या गावी दशरथ म्हणून एक जण बैल खच्ची करायचा. चार माणसं धरायला लागायची. बैल पण आपणहून जाऊन उभा राहायचा नाही." ते म्हणाले, "विहीणबाई, हळू बोला." मी म्हटलं, "इथे कोण आपल्या सामाईक ओळखीचं आहे?"

तरी हसले नाहीत. एरवी मी कुणाला हसवल्याशिवाय सोडत नाही. त्या दिवशी माझे विनोद तोंडातून बाहेर पडत होते आणि जमिनीवर पडत होते. मलाच ते दुसऱ्या कुणाचे वाटत होते.

त्यांनी बजावलंय, विद्याधरला कळता कामा नये. मी मान हलवली. मान हलवणाऱ्या बाईवर त्यांनी विश्वास ठेवला तो त्यांचा दोष.

या असं मी म्हणत नाही. पण खालच्या वाण्याकडे फोन आहे, नंबर कुंदाकडे आहे. बापाला एवढंच सांगा की लाइट घ्या. त्यांना दिवाळीपर्यंत मुदत आहे.

तुमची सासू,
रुक्मिणी


नाहूर
३० ऑक्टोबर

चि. विद्याधरराव,

आशीर्वाद. पत्र पोचलं. "त्यांनी मला कळवलेलं नाही, तेव्हा मला माहीत नाही असंच समजा" असं तुम्ही लिहिलंत. समजले. अक्षर मात्र अगदी अण्णांसारखं आहे तुमचं. त्यांनी औषधाच्या वेळा लिहून भिंतीला लावल्यात, मी आधी चमकले, म्हटलं जावई कधी येऊन गेले.

मी रागावले नाही. मला हल्ली राग येत नाही. तांदूळ निवडायला घेते आणि निवडलेलेच परत निवडते. आमचे हे गेले तेव्हा असंच झालं होतं. संप चालू होता, घरात काही नव्हतं, मला वाटलं आता मी रडेन, तर मी उठून स्टोव्हची पिन शोधत बसले. खूप वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही ना, तसं.

तर तुम्हाला माहीत नसलेली बातमी सांगते. अण्णा लाइट घेणार.

कसे तयार झाले ऐका. मी त्यांच्या मुलुंडच्या घरी गेले होते. दार उघडल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, चहा घेणार? मी म्हटलं, नको. त्यांना वाटलं मी उट्टं काढतेय. म्हटलं, "तसं नाही हो. लेकीच्या सासरी नातवंड झाल्याशिवाय आईबाप पाणी पण घेत नाहीत, आमच्यात तरी. कुंदाला झालं की घागरभर पिईन." तुम्हाला हे नव्याने सांगायला नको. गेल्या वर्षी कुंदाचं जे राहिलं नाही, त्यानंतर मी ते जास्तच धरून बसलेय. आपण मोडलं तर तिकडे काही मोडेल असं वाटतं. अडाणीपणा आहे, पण माझा आहे.

ते खुर्चीत बसून होते. पेपर हातात, पान तेच. म्हणाले, "रोज सात आठवडे कुठे जातो, लोक विचारतील. काय सांगू?"

मी म्हटलं, "माझं नाव सांगा."

"म्हणजे?"

"सांगा, विहीणबाईंना लाइट द्यायचाय, तिला कुणी नाही, जावई परदेशी, मलाच घेऊन जावं लागतं. बायकांचा आजार आहे म्हणा, पुढे कुणी विचारणार नाही."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तुम्हाला चालेल?"

मी म्हटलं, "मला काय होतंय? विधवा बाई, आधीच अर्धी गेलेली धरतात."

झालं. दोन दिवसांत तुमच्या सोसायटीत पसरलं. आता जिन्यात बायका माझा हात धरतात. "कसं वाटतंय हो?" मी म्हणते, "जळजळ होते." एकीने शहाळं दिलं, ते मी जिना उतरून रिक्षात बसले आणि अण्णांना दिलं. आणि अण्णांना सगळे म्हणतात, केवढं मोठं मन, विहिणीसाठी एवढं करताय. ते मान खाली घालतात. लोकांना वाटतं विनय.

मग आला माप घ्यायचा दिवस. लाइट नेमका कुठे पाडायचा ते आधी मशीनखाली झोपवून ठरवतात. त्याची एक अट, लघवीची पिशवी भरलेली पाहिजे. पिशवी भरली की आतडी वर सरकतात, त्यांना लाइट लागत नाही. अण्णांनी घरून उकळलेलं पाणी थर्मासमध्ये आणलं होतं, नंबराची वेळ बघून बेताने प्यायले. पण आदल्या माणसाला वेळ लागला. ह्या आजारात धरवत नाही. ते उठून जाऊन आले, आणि थर्मास रिकामा.

आतून हाक आली. त्या पोरीने पोट दाबून बघितलं. "आजोबा, पिशवी रिकामी आहे. पाणी प्या, मी दुसऱ्याला घेते तोवर."

कोपऱ्यात नळ होता. नळाकडे बघून अण्णांनी तोंड फिरवलं. माझ्या पिशवीत फिरकीचा तांब्या होता, माझ्या खोलीतल्या माठातलं पाणी. मी काही बोलले नाही. एवढी संधी आयुष्यात आली नव्हती आणि मी काही बोलले नाही. नुसती फिरकी काढली आणि तांब्या बाकावर दोघांच्या मध्ये ठेवला.

त्यांनी घेतला. आधी वरून धार धरली, सगळी सदऱ्यावर. मग आजूबाजूला बघितलं आणि तोंड लावलं. सगळा तांब्या संपवला.

चार वर्षं मी ह्या गोष्टीची वाट बघत होते. मनात कितीदा बोलून ठेवलं होतं की त्या दिवशी मी काय म्हणेन, कशी म्हणेन. काही वाटलं नाही. तांब्या रिकामा झाला, मी फिरकी लावली.

आत डॉक्टरणीने विचारलं, खुणा कशा करू. एक म्हणजे सुई टोचून शाईचे ठिपके, कायमचे, जात नाहीत. मी म्हटलं, "म्हणजे गोंदण!" आणि माझा हात दाखवला. लहानपणी जत्रेत गोंदणारणीने काढलेलं तुळशीवृंदावन, सुरकुत्या पडून आता त्याचा कांदा झालाय. ती पोरगी हसली, म्हणाली, तसंच. अण्णा म्हणाले, "आमच्यात गोंदत नाहीत." मग तिने जांभळ्या शाईच्या रेघा मारल्या, पोटावर, दोन्ही कुशींवर. आणि बजावलं, "रेघांना पाणी लावायचं नाही. पुसल्या तर सगळं माप पहिल्यापासून. दिवाळी झाली की सुरू."

दोन वेळा आंघोळ करणारा माणूस आता ओल्या टॉवेलने हातपाय पुसून जेवायला बसतो. म्हणतो, विहीणबाई, मला माझाच वास येतो. मी त्यांना तुमचा मस्कतचा साबण दिला. हुंगायला. कुठून आणला ते विचारलं नाही. उशीजवळ ठेवलाय.

तुम्हाला माहीत नाही असंच मी समजतेय. फोनचा नंबर परत लिहीत नाही.

रुक्मिणी


नाहूर
९ नोव्हेंबर

चि. विद्याधरराव,

दिवाळी झाली. कुंदाने पाठवलेलं कार्ड कपाटावर उभं केलंय. चकल्या मऊ पडल्या, त्या मी जानकीबाईंना दिल्या, त्यांना दात नाहीत.

नरकचतुर्दशीला उजाडल्यावर मी फराळाचा डबा घेऊन मुलुंडला गेले. अण्णांनी दार उघडलं. डोकं ओलं, खांद्यावर पंचा, घरभर उटण्याचा वास.

मी डबा टेबलावर ठेवला. विचारायला नको होतं, तरी विचारलं, "रेघा?"

"गेल्या."

खुर्चीत बसले. मी पण बसले. बाहेर पोरं लवंगी लावत होती. मग ते सांगायला लागले, माझ्याकडे न बघता. पहाटे जाग आली, हिचा पाट कोपऱ्यात दिसला. हिचा म्हणजे तुमच्या आईचा. ती असताना ह्या दिवशी पाठीला तेल लावायची. हात आपोआप वाटीकडे गेला. तेल लावलं, उटणं लावलं, दोन तांबे घेतले. मोरीत पाणी जांभळं झालं. "आधी कळलंच नाही कसलं जांभळं," म्हणाले. "मग कळलं. तरी चोळत राहिलो."

मी डब्याचं झाकण काढलं.

"स्वच्छ वाटलं हो, विहीणबाई. किती दिवसांनी." आणि मग म्हणाले, "राहू दे आता ते माप. ऑपरेशनच करून टाकू. तुम्हालाही उगाच रोगी करून ठेवलंय."

एरवी मी ओरडले असते. बैलाचं काढलं असतं. पण आत काही हललं नाही. ह्या घरात कुणी हाका मारून जागं करावं असं काही उरलं नाही असं वाटलं. भिंतीवर तुमच्या अक्षरातल्या वेळा, म्हणजे त्यांच्या. टेबलावर उघडा डबा. माझा घसा कोरडा पडला होता.

मी म्हटलं, "अण्णा, पाणी द्या."

त्यांना समजलं नाही. "कुणाला?"

"मला. प्यायला."

"तुम्ही घेत नाही ना? नातवंड झाल्याशिवाय..."

"घेत नाही. द्या."

ते उठले. स्वयंपाकघरात बराच वेळ भांड्यांचा आवाज. पेला विसळला, परत विसळला. आणून माझ्यासमोर धरला. पाणी काठावर हलत होतं. मला वाटलं, घशाखाली उतरणार नाही. उतरलं. पाण्यासारखं पाणी.

पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "मी माझं मोडलं. आता तुम्ही तुमचं मोडा."

"माझं काय?"

"गोंदून घ्या. परत पुसायला नको, परत चोळायला नको."

ते पेल्याकडे बघत राहिले. मग आत गेले. मला वाटलं, संपलं. तर सदरा घालून बाहेर आले, म्हणाले, "आज हॉस्पिटल बंद असेल."

मी म्हटलं, "असेलच. आधी चकली खा."

दिवाळीनंतर गेलो. ती पोरगी रागावली, पण बेताने. परत पाणी, परत मशीन. तांब्या ह्या वेळी त्यांनी आपणहून मागितला, वरून धार धरली नाही. मग आत नेलं. बाहेर आले तर मी विचारलं, दुखलं काय? म्हणाले, "मुंगी चावल्यासारखं. तीन ठिपके." मी म्हटलं, "माझं अख्खं वृंदावन काढताना मी रडले होते, चुरमुऱ्याचा लाडू दिला तेव्हा गप्प झाले." आणि आमच्या गावी म्हातारी माणसं सांगायची ते सांगितलं, की मेल्यावर दागिना, लुगडं सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं.

अण्णा थोडं चालले. मग म्हणाले, "म्हणजे तिथे तुम्ही मला ओळखाल."

मी म्हटलं, "ओळखेन, पण बेताने हाक मारा. कुंदाचे वडील असतील तिथे, त्यांना तो पाण्याचा पेला अजून आठवत असेल."

तेव्हा हसले. आवाज आला नाही, पण खांदे हलले. मी बघितलं.

लाइट सुरू झालाय. मी विचारते, आत काय होतं? म्हणतात, काही नाही. झोपवतात, दार लावून सगळे बाहेर जातात, मशीन घुमतं, कसलाच चटका नाही, कसलाच उजेड नाही. लाइट म्हणतात आणि उजेड नाही. "मी असाच पडून असतो," म्हणाले, "आणि मला काहीच वाटत नाही, ह्याचीच भीती वाटते." मी म्हटलं, भीती वाटते ना, मग पुष्कळ झालं.

रोज त्यांना घेऊन येते. ते रिक्षात मागे टेकून डोळे मिटतात. मी मुलुंडला उतरवून घरी येते. बरे होतील का, ते ती पोरगी सांगत नाही. सांगते ते एवढंच, की वेळेत आलात.

आता शेवटचं. काल मी त्यांच्याच टेबलावर हे पत्र लिहायला बसले. लपवलं नाही, लपवायचा कंटाळा आला. ते पेपर वाचत होते. पान उलटलं नाही, मान वर केली नाही. म्हणाले, "मस्कतला का?"

मी म्हटलं, "हो."

"पहिलंच?"

"नाही."

पेपर थोडा खाली आला. मला वाटलं, आता हाकलतील. बराच वेळ त्यांनी पेपर तसाच धरला. मग म्हणाले, "त्याला लिहा, रजा मिळत नसेल तर येऊ नये."

मी लिहितेय तसंच. शब्द त्यांचा, माझा एकही नाही. चार वर्षांत त्यांनी तुमच्याबद्दल बोललेलं एवढं एक वाक्य आहे, आणि ते येऊ नये असं आहे. तुम्हाला बापाचं अक्षर मिळालंय, वाचताही येत असेल. तुम्हीच काय ते बघा. सकाळी रिक्षाच्या वेळेला मी त्यांच्या दारात असते. ज्या दिवशी दार तुम्ही उघडाल, त्या दिवशी मी जिन्यावरून परत फिरेन आणि घरी जाऊन आडवी होईन. फार दिवस झाले पाय लांब करून.

कुंदाला गाठीचं सांगा. लाइटचं सांगा. गोंदणाचं सांगून हसवा, ती हसेल. सोसायटीत तिच्या आईला कुठला आजार झालाय तेही सांगा. मी तुमच्या घरी पाणी प्याले, तेवढं मात्र सांगू नका.

रुक्मिणी